दूरचे भांडार आणि जवळची प्रत
लिनक्सच्या अद्ययावतीकरणातील खंड व चांदा-गडचिरोलीचा वनप्रदेश

१. प्रश्नाचे स्वरूप

कोणत्याही यंत्रविद्येचा इतिहास बहुधा ती जिथे जन्मली त्या केंद्राच्या बाजूने लिहिला जातो. ती जिथवर जाऊन पोचली, अथवा पोचता पोचता थांबली, त्या टोकाच्या बाजूने तो क्वचितच लिहिला जातो. लिनक्स या संगणकप्रणालीच्या बाबतीतही असेच झाले आहे. तिचा जन्म, तिच्या प्रवर्तकांची चरित्रे, तिच्या परवान्यांविषयीचे वाद यांवर विपुल लेखन झाले आहे. परंतु लिनक्सवर चालणारा संगणक वर्षानुवर्षे चालू ठेवणाऱ्याची ज्या एका अडचणीशी वारंवार गाठ पडते, तिच्या इतिहासाकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. ही अडचण वरवर पाहता किरकोळ वाटते. संगणकाला अपडेटची आज्ञा दिली जाते. संगणक दूरच्या सर्व्हरकडे पॅकेजांची यादी मागतो. काही काळ काहीच घडत नाही. आणि अखेरीस सर्व्हरपर्यंत पोचता आले नाही अशा आशयाची ओळ पडद्यावर उमटते.

ही अडचण किरकोळ नाही याचे कारण असे की, अपडेट म्हणजे केवळ नव्या सोयी नव्हेत. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड व त्याच वर्षीच्या सप्टेंबरात शेलशॉक या नावांनी ओळखले गेलेले दोन गंभीर दोष उघडकीस आले. दोन्ही प्रसंगी दुरुस्त केलेली पॅकेजे अल्पावधीत प्रमुख वितरणांच्या भांडारांत दाखल झाली. ज्या संगणकांना त्या भांडारांपर्यंत जाता आले ते सुरक्षित झाले. ज्यांना जाता आले नाही त्यांचे दार, दोष जगजाहीर झाल्यानंतरही, उघडेच राहिले. म्हणजे या व्यवहारात अंतर ही केवळ गैरसोय राहत नाही, तिला धोक्याचे रूप येते.

दूरत्वावर माणसाने आजवर दोनच उपाय शोधले आहेत. एक, दूरच्या ठिकाणापर्यंतचा मार्ग सुधारणे. दुसरा, लागणाऱ्या वस्तूचा साठा जवळ करून ठेवणे. पॅकेज-वितरणाच्या इतिहासातही हे दोन्ही उपाय आढळतात. त्यांपैकी दुसरा, म्हणजे जवळच्या प्रतीचा उपाय, केंद्राच्या औदार्यातून नव्हे तर टोकाच्या गरजेतून उत्पन्न झाला, आणि म्हणूनच चंद्रपूर व गडचिरोलीसारख्या प्रदेशास त्याचे विशेष महत्त्व आहे, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२. प्रदेश : मार्गाचा इतिहास आणि साठ्याचा इतिहास

पूर्वीचा चांदा जिल्हा म्हणजे वर्धा, वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती आणि गोदावरी या नद्यांनी विभागलेला व वेढलेला विस्तीर्ण वनप्रदेश. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. गडचिरोलीच्या भौगोलिक क्षेत्रापैकी दोन-तृतीयांशाहून अधिक क्षेत्र वनाच्छादित आहे. पश्चिमेकडे चंद्रपूर, बल्लारपूर ही कोळसा, वीज आणि कागद यांची औद्योगिक नगरे, आणि पूर्वेकडे एटापल्ली, भामरागड, सिरोंचा ही अरण्यातील ठाणी, असा या प्रदेशाचा दुहेरी स्वभाव आहे.

येथे मार्ग उघडण्याचा पहिला मोठा आधुनिक प्रयत्न जलमार्गाचा होता. सिरोंचा हे त्या काळी अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते. गोदावरी व प्राणहिता या नद्यांतील खडकांचे अडथळे ओलांडून समुद्रापासून मध्यप्रांतापर्यंत नौकानयन सुरू करण्याची योजना इंग्रज सरकारने हाती घेतली, बंधाऱ्यांची कामे सुरू झाली, आणि १८७१ मध्ये ती सोडून देण्यात आली. त्यानंतर लोहमार्गाचे युग आले. १८७० च्या दशकात वरोऱ्याच्या कोळशासाठी वर्ध्याहून रूळ आले. १९२९ मध्ये बल्लारशा ते काझीपेट हा दुवा पूर्ण होऊन उत्तर-दक्षिण हमरस्ता तयार झाला. परंतु हे सारे पश्चिम भागात घडले. पूर्वेकडील अरण्यास रेल्वेचा स्पर्श दीर्घकाळ वडसा-देसाईगंजपुरताच राहिला.

दूरसंचाराचा क्रमही असाच दिसतो. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या निकनेट या जाळ्याने देशातील जिल्हा मुख्यालये उपग्रहाद्वारे जोडण्यास आरंभ केला. १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगमामार्फत सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागले, पण ते महानगरांत. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या योजनेस २०११ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली. तीच पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. नक्षलग्रस्त भागांत मोबाइल मनोरे उभारण्याची योजना २०१४ मध्ये मंजूर झाली. त्या मनोऱ्यांवरील सेवा दुसऱ्या पिढीची होती, आणि ती चौथ्या पिढीची करण्याचा निर्णय एप्रिल २०२२ मध्ये झाला. दरम्यान अरण्यातील काही मनोरे जाळले गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने गडचिरोलीसारख्या दुर्गम जिल्ह्यांसाठी स्टारलिंक या उपग्रह-सेवेच्या कंपनीशी इरादापत्र केले. गोदावरीच्या बंधाऱ्यांपासून उपग्रहापर्यंतचा हा सारा इतिहास एकाच उपायाचा, मार्गाचा, इतिहास आहे.

याच प्रदेशात दुसऱ्या उपायाची परंपरा मात्र अधिक जुनी आणि अधिक यशस्वी आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील तलाव हे तिचे उदाहरण होय. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या कौशल्याने बांधले गेलेले आणि पुढे मालगुजारांच्या व्यवस्थेखाली आलेले हे जलाशय आज माजी मालगुजारी तलाव, किंवा लोकभाषेत मामा तलाव, म्हणून ओळखले जातात. पूर्व विदर्भात त्यांची संख्या साडेसहा हजारांहून अधिक सांगितली जाते. पाऊस भरपूर, पण तो चार महिन्यांतच पडून वाहून जाणारा. तेव्हा दूरच्या नदीतून कालवा आणण्याऐवजी गावाच्या डोक्यावर पाणी साठवून धानाची शेती करावी, हे या तलावांचे तत्त्व. १९५० च्या मध्यप्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायद्यानंतर हे तलाव शासनाकडे आले आणि पुढील काळात त्यांतील अनेक गाळाने भरत गेले. साठा जवळ असणे एवढ्याने भागत नाही, तो राखणारा कोणी असावा लागतो, हा धडाही याच इतिहासातून मिळतो.

३. प्रतीची उत्पत्ती

हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या प्रणालीची वार्ता जाहीर केली आणि सप्टेंबरात तिची पहिली आवृत्ती फिनलंडच्या विद्यापीठीय जाळ्याच्या, म्हणजे फुनेटच्या, फाइल-सर्व्हरवर ठेवण्यात आली. म्हणजे लिनक्सचे मूळ भांडार युरोपच्या उत्तर टोकाला होते. अटलांटिकपलीकडील जोडणी त्या काळी अतिशय अरुंद होती, आणि अमेरिकेतून या भांडारापर्यंत जाणे कंटाळवाणे काम होते. तेव्हा मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षण संस्थेतील थिओडोर त्सो याने आपल्या संस्थेतील एका संगणकावर त्या भांडाराची प्रत ठेवण्यास सुरुवात केली. उत्तर अमेरिकेतील हे पहिले लिनक्स-भांडार होय. या घटनेचे मर्म सहसा लक्षात घेतले जात नाही. जगातील अग्रगण्य तंत्रसंस्था या प्रसंगी केंद्रस्थानी नव्हती. ती टोकाला होती. तिला मूळ स्रोत दूर पडत होता, आणि म्हणून तिने प्रत केली. केंद्र आणि टोक ही स्थानांची जन्मजात लक्षणे नसून भांडार कोठे आहे यावरून ठरणारी नाती आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

दुसरे उदाहरण रूढ अर्थाने दूर असलेल्या देशातले आहे. प्रत एकदा करणे सोपे. ती मूळ भांडाराशी नित्य जुळती ठेवणे कठीण, कारण दर वेळी सारे भांडार पुन्हा उतरवून घ्यावे लागते. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी आरसिंक ही आज्ञावली तयार केली. जुन्या व नव्या फाइलींतील केवळ बदललेला भाग ओळखून तेवढाच पाठवावा, ही तिची युक्ती. मंद गतीच्या आणि उत्तरास विलंब लागणाऱ्या जोडण्यांसाठी ही पद्धत आहे, असे तिच्या कर्त्यांनी आपल्या निबंधात आरंभीच नमूद केले. पुढे जगभरची प्रतिभांडारे, ज्यांना व्यवहारात मिरर म्हणतात, ती बव्हंशी याच आज्ञावलीवर चालली.

भारतातील आरंभीचा लिनक्स-प्रसारही प्रतीच्याच आधारे झाला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पीसी क्वेस्ट या मासिकाने आपल्या अंकांबरोबर लिनक्सच्या सीडी वाटल्या; टेलिफोनच्या तारेवरून जे उतरवून घेण्यास कित्येक दिवस लागले असते ते टपालाने हाती येऊ लागले. २००४ मध्ये निघालेल्या उबुंटू या वितरणाने तर मागणी करणाऱ्यास विनामूल्य सीडी घरपोच पाठविण्याची योजना चालविली; ती २०११ मध्ये बंद झाली. सी-डॅक या शासकीय संस्थेने डेबियनच्या आधारावर रचलेले बॉस हे भारतीय भाषांचे वितरणही २००७ पासून उपलब्ध झाले.

तथापि याच काळात वितरणाच्या स्वरूपात एक मूलगामी बदल झाला. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या डेबियनने मार्च १९९९ मध्ये आपल्या २.१ या आवृत्तीबरोबर एपीटी ही व्यवस्था दिली. एखादे पॅकेज मागितले असता त्यास लागणारी इतर सर्व पॅकेजे स्वतः शोधून जाळ्यावरून आणणे हे तिचे काम. रेड हॅट परंपरेतील वितरणांत काही वर्षांनी यम या व्यवस्थेने तेच कार्य केले. सोय मोठी झाली. पण तिच्यासाठी भांडाराचा पत्ता प्रत्येक संगणकाच्या आत, एका लहानशा फाइलीत, लिहून ठेवावा लागला. प्रणाली बसविली त्या दिवशी लिहिलेला तो पत्ता पुढे सहसा कोणी उघडून पाहत नाही. जग बदलते, भांडारे हलतात, आणि पत्ता मात्र तसाच राहतो. अपडेट अडण्याच्या इतिहासाचा मोठा भाग या एका गोष्टीत सामावलेला आहे.

४. खंडाचे प्रकार

सर्व्हरपर्यंत पोचता आले नाही, या एकाच तक्रारीमागे परस्परांहून भिन्न अशी निदान पाच कारणे असू शकतात. त्यांचा उपाय भिन्न असल्याने त्यांचे पृथक्करण जवळून दूर या क्रमाने करणे श्रेयस्कर ठरते.

पहिले कारण मार्ग तुटल्याचे. रस्त्याच्या रुंदीकरणात प्रकाशतंतू तुटतो, मनोऱ्याची वीज जाते, किंवा पर्लकोटेस पूर आला म्हणजे दुरुस्तीस जाणाऱ्या माणसालाच वाट राहत नाही. २०१९ च्या पावसाळ्यात भामरागड अशा पुराने वारंवार वेढले गेले होते. या अवस्थेत इतरही कोणतेच संकेतस्थळ उघडत नाही, ही तिची खूण. याच वर्गात महाविद्यालयीन जाळ्यांतील प्रॉक्सीची अडचण येते. तेथे ब्राउझर चालतो पण अपडेट चालत नाही, कारण मधल्या द्वारपालाचा पत्ता ब्राउझरला ठाऊक असतो, पॅकेज-व्यवस्थेला तो वेगळा सांगावा लागतो. इंटरनेट-पत्त्यांच्या नव्या, म्हणजे सहाव्या आवृत्तीच्या पद्धतीने संगणक आधी प्रयत्न करतो आणि स्थानिक जोडणीला ती पेलत नाही, असाही प्रकार आढळतो. जुन्या चौथ्या आवृत्तीचाच आग्रह धरला असता तो सुटतो.

दुसरे कारण नाव न उलगडल्याचे. सर्व्हरचे नाव अंकी पत्त्यात रूपांतरित करणारी यंत्रणा उत्तर देत नाही, तेव्हा मार्ग शाबूत असूनही प्रवास सुरू होत नाही. येथे एक फसगत संभवते. सेंटओएस या, भारतातील सर्व्हरांवरही पुष्कळ वापरल्या गेलेल्या, वितरणाच्या सातव्या आवृत्तीची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली आणि तिच्या मिररांची यादी देणाऱ्या सर्व्हरचे नावच नाहीसे करण्यात आले. त्या दिवसानंतर जुन्या संगणकांवर जी ओळ उमटू लागली ती जोडणी तुटली असता उमटणाऱ्या ओळीसारखीच होती. ज्या प्रदेशात जोडणी तुटणे नित्याचे आहे तेथे अशी ओळ पाहून कोणीही जोडणी परत येण्याची वाट पाहत राहील, हे स्वाभाविक आहे. आणि ही वाट पाहणे कधीच संपणारे नाही. खंड तात्पुरता की कायमचा, हा निदानातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न येथे उपस्थित होतो. दुसऱ्या एखाद्या जाळ्यावरून तेच नाव उलगडून पाहणे ही त्याची साधी कसोटी होय.

तिसरे कारण भांडार हलल्याचे. येथे सर्व्हर उत्तर देतो, पण मागितलेली फाइल नाही असे सांगतो. ४०४ हा त्याचा सुपरिचित अंक. कालबाह्य आवृत्त्या चालू भांडारातून काढून पुराभांडारात ठेवण्याची सर्व मोठ्या वितरणांची रीत आहे. मार्च २०१९ मध्ये डेबियनच्या आठव्या आवृत्तीचा एक विभाग मिररांवरून काढला गेला तेव्हा जगभर असंख्य स्वयंचलित कामे एकाएकी अडली. सेंटओएसच्या आठव्या आवृत्तीची मुदत ३१ डिसेंबर २०२१ रोजी संपली आणि तिची पॅकेजेही लवकरच पुराभांडारात गेली. कधी फाइल नव्हे तर पोचण्याची रीतच बंद होते. डेबियनने १ नोव्हेंबर २०१७ पासून एफटीपी या जुन्या पद्धतीची सार्वजनिक सेवा थांबविली. ज्यांच्या यादीत पत्ता त्या पद्धतीने लिहिलेला होता त्यांना तेच भांडार दिसेनासे झाले. यादीतील पत्ता पुराभांडाराचा केला असता काम पुढे सरकते. परंतु पुराभांडारात नव्या सुरक्षा-दुरुस्त्या येत नाहीत. म्हणून हा उपाय नव्या आवृत्तीकडे जाण्याच्या वाटेवरील विसाव्यापुरताच ग्राह्य मानावा लागतो.

चौथे कारण काळ चुकल्याचे. संगणकाच्या आतील लहान बॅटरी संपली, वीज गेली, आणि यंत्र पुन्हा सुरू झाले तेव्हा त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले असते. अशा यंत्रास आजची यादी भविष्यातील वाटते आणि सर्व्हरचे प्रमाणपत्र अग्राह्य वाटते. याउलट, यंत्राचे घड्याळ बरोबर असूनही त्याजवळील विश्वासाची साधने जुनी असू शकतात. ३० सप्टेंबर २०२१ रोजी, लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रे ज्यावर दीर्घकाळ आधारलेली होती, त्या एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा जुन्या प्रणालींना अनेक सुस्थितीतील सर्व्हरही अविश्वसनीय वाटू लागले. येथे मार्ग आहे, नाव आहे, भांडारही आहे. नाही ती परस्परांची ओळख.

पाचवे कारण प्रत अर्धवट असल्याचे. मिररवर यादी नवी आली पण पॅकेजे अद्याप यावयाची आहेत, किंवा मधल्या एखाद्या साठ्याने जुनी फाइल देऊ केली, अशा वेळी यादीतील ठसा व फाइलीचा ठसा जुळत नाही. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करणे, संगणकातील जुन्या याद्या पुसून त्या नव्याने मागविणे, किंवा दुसरा मिरर निवडणे, हे याचे उपाय होत.

या पाच कारणांकडे एकत्र पाहिले असता असे दिसते की, त्यांपैकी केवळ पहिल्याचा संबंध स्थानिक जोडणीशी अपरिहार्यपणे येतो. उरलेल्यांत दोष बहुधा केंद्राने केलेल्या बदलात, अथवा त्या बदलाची वार्ता टोकापर्यंत न पोचण्यात असतो. दुर्गम भागातील प्रत्येक अपयश दुर्गमतेच्याच माथी मारणे म्हणूनच शास्त्रीय दृष्ट्या सदोष ठरते.

५. विश्वासाचा प्रश्न

जवळची प्रत हा उपाय मानला तर एक मूलभूत शंका उपस्थित होते : ती प्रत खरी कशावरून? मूळ भांडार तरी निर्वेध असते काय, हा प्रश्न नोव्हेंबर २००३ मध्ये तीव्रतेने पुढे आला. डेबियन प्रकल्पाच्या चार सर्व्हरांत घुसखोरी झाली. पॅकेजांच्या भांडारास धक्का लागला नाही असे तपासाअंती निष्पन्न झाले, तरी सर्व्हर ओळखीचा आहे एवढ्यावर विसंबून राहणे योग्य नाही, हे त्यातून दिसून आले. एप्रिल २००७ मध्ये निघालेल्या डेबियनच्या चौथ्या आवृत्तीत पॅकेजांच्या यादीवरील गुप्तलेखी स्वाक्षरी तपासण्याची व्यवस्था एपीटीचा नियमित भाग झाली. यादीवर प्रकल्पाची स्वाक्षरी, यादीत प्रत्येक पॅकेजाचा ठसा, आणि संगणकात प्रकल्पाची सार्वजनिक किल्ली, अशी ही साखळी आहे.

या व्यवस्थेचा ऐतिहासिक अर्थ तांत्रिक अर्थाहून मोठा आहे. तोवर वस्तूचा विश्वास ती कोठून आली यावर अवलंबून होता. यापुढे तो वस्तूच्या अंगावरच आला. पॅकेज फिनलंडहून आले, मुंबईच्या मिररवरून आले, की कोणी पेनड्राइव्हमध्ये घालून नावेतून पर्लकोटेपलीकडे नेले, याने त्याच्या सचोटीत फरक पडेनासा झाला. टोकाच्या प्रदेशास प्रतीचा पूर्ण हक्क मिळाला तो या स्वाक्षरीने.

मात्र हा हक्क निर्दोष नाही. २००८ मध्ये जस्टिन कॅपॉस आणि त्यांचे अॅरिझोना विद्यापीठातील सहकारी यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर काल्पनिक प्रशासकाच्या नावाने मिरर उभारून त्यांनी तो अनेक प्रमुख वितरणांच्या अधिकृत यादीत दाखल करून दाखविला. असा मिरर खोटे पॅकेज देऊ शकत नाही. पण जुनी, सदोष, तरीही यथायोग्य स्वाक्षरी असलेली यादी देत राहून ग्राहकास अपडेटपासून वंचित ठेवू शकतो. यावर उपाय म्हणून यादीवर तिच्या वैधतेची मुदत लिहिण्याची पद्धत उपयोगी पडते. पुढे जानेवारी २०१९ मध्ये खुद्द एपीटीमध्येच, मार्गावरील हस्तक्षेप करणाऱ्यास वाव देणारा एक दोष आढळला व तो तातडीने दुरुस्त करावा लागला. स्वाक्षरी आहे म्हणून सावधगिरी सोडावी, असे म्हणता येत नाही.

यांपैकी मुदतीचा नियम टोकाच्या दृष्टीने विशेष विचारणीय आहे. डेबियनच्या सुरक्षाविषयक यादीची वैधता काही दिवसांचीच असते. सतत जोडलेल्या संगणकास याचा उपद्रव होत नाही. परंतु जिथे प्रत महिन्यातून एकदा हाताने न्यावी लागते तेथे पूर्णपणे खरी असलेली यादीही शिळी म्हणून नाकारली जाते. नियम शिथिल करण्याची सोय आहे, पण तो शिथिल केला की जुन्या यादीच्या फसवणुकीस दार उघडते. केंद्राने सुरक्षिततेसाठी केलेल्या नियमात अखंड जोडणी गृहीत धरलेली असते, आणि त्या गृहीताची किंमत जोडणी नसलेल्यास मोजावी लागते. हा पेच केवळ तांत्रिक नाही.

६. उपायांची दिशा

प्रस्तुत प्रदेशाच्या संदर्भात यावरून काय निष्पन्न होते? २०११ मध्ये गडचिरोली येथे स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या कक्षेत चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही जिल्हे येतात. संगणकप्रयोगशाळा असलेल्या महाविद्यालयांचे जाळे या कक्षेत आहे. एखाद्या प्रयोगशाळेतील चाळीस यंत्रांनी एकच पॅकेज चाळीस वेळा दूरच्या सर्व्हरवरून आणावे, हा अरुंद जोडणीचा अपव्यय होय. प्रयोगशाळेतीलच एका यंत्रावर मधला साठा ठेवणारी आज्ञावली चालविली, तर पहिल्या यंत्राने आणलेले पॅकेज उरलेल्या एकोणचाळीस यंत्रांस स्थानिक तारेवरून मिळते. एपीटी-कॅशर-एनजी ही त्या प्रकारची प्रचलित आज्ञावली आहे. याहून पुढची पायरी म्हणजे विद्यापीठाच्या पातळीवर निवडक प्रतिभांडार. डेबियनसारख्या वितरणाचे सर्व आवृत्त्यांचे व सर्व यंत्ररचनांचे भांडार कित्येक टेराबाइटचे असते. परंतु एकाच आवृत्तीची, एकाच यंत्ररचनेसाठीची प्रत साध्या बाह्य डिस्कवर मावते. पाठ्यक्रमात शिकविला जाणारा पॅकेज-व्यवस्थेचा विषय प्रत्यक्ष करून पाहण्यासही असे भांडार उपयोगी पडण्यासारखे आहे.

जेथे जोडणी मुळीच नाही तेथे रितेश राज सर्राफ या भारतीय विकासकाने रचलेली एपीटी-ऑफलाइन ही आज्ञावली कामास येते. तिची रीत तीन टप्प्यांची आहे. जोडणी नसलेला संगणक आपणास काय हवे याची लहानशी यादी एका फाइलीत लिहून देतो. ती फाइल जोडणी असलेल्या गावी नेऊन, तेथील कोणत्याही संगणकावरून पॅकेजे उतरवून घेतली जातात. आणि तो गठ्ठा परत आणून मूळ संगणकास दिला जातो. नेणाऱ्या-आणणाऱ्याजवळ लिनक्स असण्याचीही आवश्यकता नाही. एटापल्लीच्या यंत्रास लागणारी दुरुस्ती आलापल्लीहून जाणाऱ्या एसटी बसमधून येऊ शकते, आणि स्वाक्षरीमुळे ती तितकीच विश्वासार्ह राहते. टोकाच्या गरजेतून साधन निर्माण होण्याची जी परंपरा मॅसॅच्युसेट्स आणि कॅनबेरा येथे दिसली, तिचीच ही पुढील कडी होय.

मार्गाचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. प्रतीलाही मूळ भांडाराशी जुळते राहण्यासाठी केव्हा तरी, कोठे तरी मार्ग लागतोच. परंतु मार्गाची मालकी नेहमी दुसऱ्याकडे असते. गोदावरीचे बंधारे सोडून देण्याचा निर्णय सिरोंचाने घेतला नव्हता, आणि मिररांच्या यादीचे नाव पुसण्याचा निर्णयही ज्यांची यंत्रे अडली त्यांनी घेतला नव्हता. साठा मात्र ज्याचा त्याने राखावयाचा असतो, आणि हीच त्याची अवघड बाजू आहे. मिरर उभारणे हे एका उन्हाळी सुटीचे काम आहे. तो दररोज मुळाशी जुळता ठेवणे, त्याची मुदत पाहणे, वितरण कालबाह्य होण्यापूर्वी नव्या आवृत्तीची प्रत आणणे, हे कोणत्या तरी एका व्यक्तीकडे वा पदाकडे नेमून दिलेले काम असावे लागते. शिळा मिरर गाळ भरलेल्या तलावासारखा असतो. वरून तो भरलेला दिसतो. पाण्याची गरज पडते तेव्हाच त्याची खोली कळते. तेव्हा या दोन जिल्ह्यांत प्रतिभांडार असावे की नसावे, या प्रश्नाचे उत्तर यंत्रसामग्रीच्या किमतीवरून देता येणार नाही. त्याचा गाळ दर वर्षी कोण काढणार हे ज्या दिवशी कागदावर लिहिले जाईल, त्या दिवशी ते देता येईल.